डावी खुर्ची, उजवी खुर्ची

२२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरजवळच्या बज्पे विमानतळावर उतरले. धावपट्टी संपली तरी ते थांबले नाही आणि पलीकडच्या दरीत कोसळून पेटले. विमानात १६६ माणसे होती. त्यांतली १५८ गेली, ८ वाचली. कॅप्टन झ्लाट्को ग्लुशित्सा मूळचे सर्बियाचे, सहवैमानिक एच. एस. अहलुवालिया भारतीय. दुसऱ्या दिवसापासून सगळी चर्चा ‘परदेशी वैमानिक’ या दोन शब्दांभोवती फिरू लागली. आपली विमाने परक्यांच्या हाती का द्यायची, आपल्याकडे वैमानिक नाहीत का, असे विचारले जाऊ लागले. एवढी माणसे गेल्यावर हा प्रश्न कोणाच्याही मनात येणारच, पण तो अपुरा होता. धावपट्टीवरचे अपघात, इथले आणि बाहेरचे, एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तर पारपत्राच्या रंगावरून फारसे काही ठरत नाही. कॉकपिटमध्ये कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो आणि सहवैमानिक उजव्या. विमान चालवण्याची साधने दोघांच्याही पुढ्यात सारखीच असतात. त्या दोन खुर्च्यांमध्ये हातभराचेच अंतर असते, पण उजवीकडचा शब्द डावीकडे पोचतो की नाही, यावर मागे बसलेल्यांचे प्राण अवलंबून असतात. कॅप्टन परका असला की हे अंतर वाढते, हे खरे आहे. ते निर्माण करायला मात्र आपली माणसेही पुरेशी असतात.

भारतीय नागरी विमानवाहतुकीची सुरुवातच मुळी एका भारतीय आणि एका परदेशी वैमानिकाच्या भागीदारीतून झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. तिथून पुढे तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेल्या व्हिन्सेंट यांनीच या टपालसेवेची कल्पना टाटांपुढे मांडली होती. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठचे सपाट मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे. काळ पारतंत्र्याचा होता, तरी या जोडीत एक मालक आणि दुसरा नोकर, किंवा एक साहेब आणि दुसरा हाताखालचा, असा प्रकार नव्हता. कल्पना एकाची, भांडवल दुसऱ्याचे, आणि आकाशातला जोखमीचा वाटा दोघांचा. शिवाय प्रत्येक जण आपापल्या विमानात एकटा होता. एका कॉकपिटमध्ये दोघांनी बसून एकमेकांच्या चुका धरायच्या, हा प्रकार मोठी विमाने आल्यावर सुरू झाला. खरी परीक्षाही तिथूनच सुरू झाली.

परदेशी वैमानिकांबद्दलचा आपल्याकडचा अविश्वास मात्र १९९०च्या दशकातला आहे आणि त्याला कारणेही घडली होती. १९९२च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले, तेव्हा उड्डाणे चालू ठेवण्यासाठी उझबेकिस्तानहून टीयू-१५४ जातीची विमाने वैमानिकांसकट भाड्याने आणली गेली. ९ जानेवारी १९९३ला त्यांतले एक विमान हैदराबादहून दिल्लीला आले. धुके दाट होते. विमान धावपट्टीच्या बाजूला उतरले, जमिनीवरच्या उपकरणांना धडकले, मोडले आणि उलटे पडले. त्यातले सगळे १६५ जण वाचले, हे आश्चर्यच. पुढे १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीवर कझाकस्तानचे मालवाहू विमान आणि सौदी अरेबियाचे प्रवासी विमान आकाशात एकमेकांवर आदळले. दोन्हींमधले मिळून ३४९ जण मरण पावले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत दोष कझाक विमानाकडे गेला. दिलेली उंची सोडून ते खाली आले होते. त्या कॉकपिटमध्ये इंग्रजीतले बोलणे रेडिओ ऑपरेटरकडे होते, बाकीच्यांची भिस्त त्याच्यावर. या घटनेनंतर भारतात येणाऱ्या विमानांवर टक्कर टाळणारे उपकरण सक्तीचे झाले. वैमानिकांना आणि नियंत्रकांना इंग्रजी किती यावे याचे जागतिक मोजमाप पुढे ठरले, त्यामागेही चरखी दादरीसारखेच अपघात होते. पण दिल्लीच्या धुक्यातला आणि दादरीवरचा, हे दोन्ही कॉकपिट आतून एकजिनसी होते. आत सगळे एका भाषेचे, एका शिस्तीत वाढलेले. परकेपणा होता तो कॉकपिट आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये. त्यामुळे या दोन घटनांवरून मिश्र कॉकपिटला दोष देता येत नाही.

मिश्र कॉकपिट आपल्याकडे मोठ्या प्रमाणात आले ते २००३ नंतर. त्या वर्षी एअर डेक्कन सुरू झाली. पाठोपाठ स्पाइसजेट, किंगफिशर, इंडिगो आणि आखाती मार्गांसाठी एअर इंडिया एक्स्प्रेस आली. विमाने मागवता येतात, ती ठरल्या वेळी येतातही. कॅप्टन मात्र मागवून मिळत नाही. नवखा वैमानिक डाव्या खुर्चीपर्यंत पोचायला हजारो तासांची उड्डाणे आणि काही वर्षे लागतात. उजव्या खुर्चीसाठी तरुण भारतीय रांगेत उभे होते. तुटवडा होता तो डाव्या खुर्चीचा. म्हणून नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने परदेशी वैमानिकांना तात्पुरते परवाने दिले, त्यांची संख्या शेकड्यांत गेली, आणि त्यांना परत पाठवण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. या व्यवस्थेतली एक गोष्ट त्या वेळी फारशी कोणी बोलली नाही. परदेशी माणूस जवळपास नेहमी कॅप्टन होता आणि भारतीय माणूस सहवैमानिक. हुद्द्याची रेघ आणि देशाची रेघ एकावर एक आली. पगारातली तफावत त्यावर तिसरी. सहवैमानिकाला कॅप्टनशी असहमत व्हायचे तर एकाच वेळी वरिष्ठाशी, जास्त अनुभवी माणसाशी आणि वेगळ्या देशातल्या, वेगळ्या बोलीच्या माणसाशी असहमत व्हावे लागत होते. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये हे बाळकडू घेऊन वाढलेल्या तरुणाला हे किती जड जात असेल, ते सांगायला नको.

आता मंगळूरच्या त्या कॉकपिटमध्ये जवळून डोकावू. चौकशी समितीचे अध्यक्ष होते हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. त्या विमानातले कॉकपिटचा आवाज नोंदवणारे यंत्र शेवटचे दोन तास जपून ठेवत असे. त्या नोंदीत सुमारे १ तास ४० मिनिटे कॅप्टन बोललेच नाहीत. ऐकू येतो तो झोपेतला श्वासोच्छ्वास. रेडिओवरचे सगळे बोलणे सहवैमानिकाचे. उतरायची वेळ आली तेव्हा कॅप्टन जागे झाले, पण गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू काही काळ मंद चालतो आणि निर्णय चुकतात. त्यात मंगळूरचे रडार बंद होते, त्यामुळे खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली आणि विमान फार उंच राहिले. धावपट्टी समोर न दिसता जणू पायाखाली दिसू लागली. सहवैमानिकाने ते सांगितले. कॅप्टनने उंची कमी करण्यासाठी विमान झपाट्याने खाली आणले. यंत्राने खाली येण्याचा वेग जास्त असल्याचे बजावले, वर खेचण्याची सूचना दिली. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले. म्हणजे उतरणे सोडा, वर जा, फेरी मारून पुन्हा या. धावपट्टीच्या तोंडावर विमान ५० फुटांवर असायला हवे होते. ते २०० फुटांवर होते आणि वेगही जास्त होता. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ५,२०० फूट ओलांडून गेल्यावर. अहवालाचे गणित सांगते की त्या क्षणीही पूर्ण ताकदीने ब्रेक दाबले असते तर विमान धावपट्टीवरच थांबले असते. कॅप्टनने वेग उलट्या दिशेने रोखण्याची यंत्रणा सुरू केली, ब्रेक दाबले, आणि मग काही सेकंदांत विचार बदलून पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. चाके टेकून ती यंत्रणा सुरू झाल्यावर असा प्रयत्न करू नये, हे नियमपुस्तकात लिहिलेले आहे.

या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र कॅप्टनच्या चुकीबद्दलचा नाही. गो अराउंडची तीन आवाहने आणि यंत्रांचे इशारे मिळूनही कॅप्टनने उतरणे सोडले नाही, हे थेट कारण म्हणून नोंदवल्यावर अहवाल पुढे एक गोष्ट सांगतो. सहवैमानिकाने स्वतः विमान वर न्यायचे की नाही, याबद्दलच्या निरनिराळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती. बहुधा तिच्यामुळे त्याने आवाहने वारंवार केली, पण विमान स्वतःच्या ताब्यात घेतले नाही. माझ्या मते सारे पाणी इथेच मुरते. अहलुवालिया यांना धोका दिसला नव्हता, असे नाही. सगळ्यांत आधी तो त्यांनाच दिसला. त्यांच्यापाशी ज्ञान होते, डोळे होते आणि शब्दही होता. त्यांच्यापाशी नव्हता तो निःसंदिग्ध अधिकार. नियम कागदावर धूसर असेल तर संकटाच्या क्षणी माणूस सवयीकडे वळतो, आणि सहवैमानिकाची सवय असते कॅप्टनला सुचवून थांबण्याची.

हात घातला असता तर विमान वाचले असते का? हा प्रश्न दक्षिण कोरियात १६ वर्षे आधी विचारला गेला होता. १० ऑगस्ट १९९४ला सोलहून निघालेले कोरियन एअरचे एअरबस ए-३०० विमान वादळी पावसात जेजू बेटावर उतरत होते. कॅप्टन कॅनेडियन, सहवैमानिक कोरियन. विमान धावपट्टीवर बरेच पुढे जाऊन टेकले. उरलेली लांबी पुरणार नाही असे वाटून सहवैमानिक विमान वर नेऊ पाहत होता, तर कॅप्टन ते जमिनीवर थांबवू पाहत होता. दोघांचे हात एकाच वेळी साधनांवर होते आणि दिशा उलट होत्या. विमान धावपट्टी सोडून धडकले आणि पेटले. आतले सगळे १६० जण बाहेर पडले, ही नशिबाची कृपा. जेजूत सहवैमानिक गप्प बसला नाही, हात आवरूनही बसला नाही, तरी विमान गेले, कारण कोणाचा हात केव्हा वरचा मानायचा हे दोघांच्या मनात आधी पक्के झालेले नव्हते. मंगळूरला शब्द होता पण हात नव्हता. जेजूला हात होता पण सामायिक शब्द नव्हता. दोन्ही ठिकाणी कॅप्टन परदेशी होता हे खरे. मात्र दोन्हींत तुटला तो एकच दुवा, कनिष्ठाच्या निर्णयाला आधीच मान्य केलेले वजन.

मग परदेशी कॅप्टन नसते तर हा दुवा टिकला असता, असे कोणी म्हणेल. त्या म्हणण्याची पडताळणी आपल्या दुर्दैवाने आपल्याच भूमीवर झाली. ७ ऑगस्ट २०२०ला, टाळेबंदीत परदेशी अडकलेल्यांना आणणारे विमान दुबईहून कोळिकोडला आले. कंपनी तीच, विमान त्याच जातीचे, धावपट्टी तशीच टेकडीच्या माथ्यावर कापलेली. कॅप्टन होते नागपूरचे दीपक साठे, हवाई दलात नावाजलेले, दहा हजार तासांहून अधिक उड्डाण केलेले. सहवैमानिक अखिलेश कुमार. दोघेही भारतीय. मुसळधार पाऊस होता आणि कॅप्टनच्या बाजूचा काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. पहिल्या प्रयत्नात त्यांनी उतरणे सोडले. दुसऱ्यांदा उलट बाजूने, वारा पाठीशी घेऊन आले, आणि ८,८५८ फुटांच्या ओल्या धावपट्टीवर ४,४३८ फूट पुढे चाके टेकली. सहवैमानिकाने आधी आडून सुचवले, मग ‘गो अराउंड’ म्हटले. प्रतिसाद आला नाही, आणि त्यांनीही विमान ताब्यात घेतले नाही. दोघेही वैमानिक गेले. एकूण २१ जण मरण पावले. चौकशी अहवालाने तीच कारणे मांडली आणि दोघांमधल्या अधिकाराच्या तीव्र उताराचा स्पष्ट उल्लेख केला. साठे यांच्या शौर्याबद्दल आणि कौशल्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही, आणि म्हणूनच ही घटना इतकी बोलकी आहे. भाषा, देश, शिस्त यांतले काहीही वेगळे नसताना, उत्तम माणूस डाव्या खुर्चीत असताना, दहा वर्षांपूर्वीचे मंगळूर जवळपास जसेच्या तसे पुन्हा घडले.

काही लेखकांनी याचे उत्तर संस्कृतीत शोधले आहे. आशियाई समाजात वडीलधाऱ्यांपुढे बोलत नाहीत, म्हणून आशियाई कॉकपिट धोक्याचे, असा हा युक्तिवाद. त्याला पुरावा म्हणून ६ ऑगस्ट १९९७ला ग्वाम बेटावर टेकडीला धडकलेले कोरियन एअरचे विमान दाखवले जाते. त्यात २२८ जण गेले, आणि अमेरिकी चौकशीने कॅप्टनइतकाच सहवैमानिक व फ्लाइट इंजिनियर यांच्या न टोकण्यावर बोट ठेवले. पण आतापर्यंतचा सर्वांत मोठा धावपट्टीवरचा अपघात २७ मार्च १९७७ला टेनेरिफला झाला, तो डच कॉकपिटमुळे. के.एल.एम.चे प्रशिक्षणप्रमुख असलेले कॅप्टन धुक्यात उड्डाणाला सुटले. समोरचे विमान धावपट्टीवरून हलले आहे का, असे फ्लाइट इंजिनियरने विचारले. कॅप्टनने होकार देऊन विषय संपवला. ५८३ जण मेले. पुढच्याच वर्षी पोर्टलंडला अमेरिकी विमान चाकांच्या बिघाडात गुंतून आकाशात घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. इंधन कमी होत असल्याचे कॉकपिटमध्ये बोलले गेले होते, पण जोर देऊन नाही. डच आणि अमेरिकी समाज कोणी आज्ञाधारक म्हणून ओळखत नाही. १९७९ला नासाने यावर परिषद घेतली. तिथून जे शिक्षण जन्मले ते आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणून जगभर दिले जाते, आणि त्याचा गाभा आहे सहकाऱ्याचे ऐकायला शिकणे व वरिष्ठाला स्पष्ट सांगायला शिकणे. कोरियन एअरनेही नंतर बाहेरचे तज्ज्ञ आणले, प्रशिक्षण बदलले, आणि १९९९ नंतर त्या कंपनीच्या विमान अपघातात कोणी मेलेले नाही. संस्कृती हीच नियती असती तर एवढ्या थोड्या वर्षांत ती बदलली नसती. इथे तर औषध घेऊन आले ते परदेशीच.

दुसरा आक्षेप धावपट्टीबद्दलचा आहे आणि तो जास्त भक्कम आहे. मंगळूर आणि कोळिकोड दोन्ही टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावर कापलेल्या धावपट्ट्या. धावपट्टीच्या टोकाला सपाट जमीन असती तर ही विमाने चिखलात रुतून थांबली असती, असे म्हणणे चुकीचे नाही. मंगळूरला पंख धडकला तो धावपट्टीपलीकडे उभ्या असलेल्या काँक्रीटच्या बांधकामाला. धावपट्टीपलीकडची जागा आणि तिच्या शेजारचे रस्ते यांच्याबाबतच्या निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्रानेही दिली आहे. २६ एप्रिल १९९३ला औरंगाबादहून उडणारे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीच्या टोकाजवळ बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले, आणि ५५ माणसे मेली. चौकशीने वैमानिकांनी उशिरा नाक उचलल्याचा दोष नोंदवला, तसाच रस्त्यावरची वाहतूक उड्डाणाच्या वेळी न थांबवल्याचाही. तेव्हा धावपट्ट्या सुधाराव्यात, टोकाला मोकळी जागा ठेवावी, विमान अडवणारी व्यवस्था करावी, यात वाद नाही. पण मंगळूरला उरलेली धावपट्टी पुरली असती आणि कोळिकोडला अर्धी धावपट्टी मागे सोडून विमान टेकले, हेही विसरता येत नाही. धावपट्टी लांबवली की चुकीला जागा वाढते, चूक होण्याचे थांबत नाही.

तिसरा आक्षेप वैमानिकांचाच आहे. नावेला एकच सुकाणू असावे, कॅप्टनच्या अधिकाराला धक्का लागला की विमानात गोंधळ माजेल, आणि जेजू त्याचा पुरावा आहे. हे म्हणणे आदराने घ्यायला हवे, कारण आणीबाणीत एकच निर्णय घेणारा लागतो. परंतु सर्व निर्णय सारखे नसतात. उतरण्याचा निर्णय चुकला तर परतीचा मार्ग नसतो. गो अराउंडची किंमत म्हणजे थोडे इंधन आणि काही मिनिटांचा उशीर. वर जाऊन पुन्हा विचार करता येतो. म्हणून जमिनीवर येण्यासाठी दोघांची संमती लागावी आणि वर जाण्यासाठी एकाचे म्हणणे पुरावे, ही मांडणी कॅप्टनचा अधिकार कमी करत नाही, त्याला चुकीपासून राखते. जेजूची शिकवणही याच बाजूला आहे. चाके टेकल्यानंतर दोन मते असणे घातक, म्हणून मत द्यायची जागा टेकण्याआधी हवी, आणि त्या आधीच्या क्षणाचा नियम दोघांना झोपेतही आठवेल इतका स्वच्छ हवा.

परदेशी वैमानिक येतील, जातील. उद्या आपलेच कॅप्टन आखातात आणि आग्नेय आशियात डाव्या खुर्चीत परदेशी म्हणून बसतील, आणि त्यांच्या उजवीकडे तिथला तरुण बसेल. तेव्हा कोणाला परवाना द्यायचा यावर भांडताना एक मागणी सरकारपाशी आणि विमान कंपन्यांपाशी आपण प्रवाशांनी सोडू नये. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले की विमान वर गेलेच पाहिजे, ते गेले नाही तर त्याने ते स्वतः वर न्यावे, आणि त्यासाठी त्याला कधीही जाब विचारला जाऊ नये. हा नियम कागदावर निःसंदिग्ध हवा, सरावात रोजचा हवा, आणि तो पाळणाऱ्या कनिष्ठाच्या पाठीशी त्याची कंपनी उभी आहे हे त्याला ठाऊक हवे. मंगळूरच्या विमानात तो शब्द तीन वेळा उच्चारला गेला होता.